नेत्रतपासणीची चिठ्ठी वाचावी कशी?



जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी हे नाव १९९२ साली कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. तेव्हापासून मुलांच्या वजनाचा तक्ता हा आपल्या सर्वांच्या काळजीचा विषय झाला आहे. तीच काळजी शाळेत किंवा शिबिरात मिळणाऱ्या नेत्रतपासणीच्या चिठ्ठीच्या वाट्यास यावी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

चिठ्ठीवर प्रथम दिसतो तो अपूर्णांकासारखा आकडा : ६/६, ६/१८ किंवा ६/६०. डच नेत्रवैद्य हर्मान स्नेलेन यांनी १८६२ साली तयार केलेल्या तक्त्यावरून ही पद्धत रूढ झाली. वरचा आकडा म्हणजे तक्त्यापासूनचे अंतर, सहा मीटर. खालचा आकडा म्हणजे निरोगी नजरेला तीच ओळ जेथून वाचता येते ते अंतर. म्हणजे ६/१८ नजरेच्या मुलास, इतरांना अठरा मीटरवरून दिसणारे अक्षर सहा मीटरवर यावे तेव्हा दिसते. हे गुण नव्हेत, टक्केवारीही नव्हे. खालचा आकडा जितका मोठा, तितकी नजर अधू. अक्षरओळख नसलेल्यांसाठी इंग्रजी 'ई'च्या आकाराचा तक्ता असतो व आकाराची उघडी बाजू कोणीकडे आहे ते बोटांनी दाखवावयाचे असते. तेव्हा निरक्षरता ही तपासणी टाळण्याची सबब होऊ शकत नाही.

दोन्ही डोळ्यांचे आकडे वेगवेगळे वाचावेत. एक डोळा ६/६ आणि दुसरा ६/३६ असला तरी मूल धावते, खेळते, तक्रार करीत नाही. परंतु मेंदू हळूहळू अधू डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो व तो डोळा मंदावतो. सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत उपचार झाल्यास नजर बहुधा सुधारते. पुढे ते कठीण होत जाते. चिठ्ठी कपाटात पडून राहण्याची किंमत अशी आयुष्यभराची असू शकते.

'पिनहोल' या शब्दापुढे सुधारलेला आकडा असेल, तर बारीक छिद्रातून पाहिल्यावर नजर सुधारली, म्हणजे बहुधा चष्म्याने काम भागेल, असा अर्थ होतो. आकडा सुधारला नसेल तर नेत्रतज्ज्ञाकडे जाणे अगत्याचे. चष्म्याच्या क्रमांकातील उणे चिन्ह दूरचे अंधुक दिसत असल्याचे दर्शविते. फळा न दिसणाऱ्या मुलास 'ढ' ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी हे चिन्ह अवश्य पाहावे.

आपल्या भागात आणखी एक नोंद फार महत्त्वाची आहे : रातांधळेपणा, किंवा बुबुळाशेजारी पांढऱ्या भागावर फेसासारखे दिसणारे 'बिटोचे ठिपके'. ही 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाची लक्षणे होत. हा दोष केवळ डोळ्याचा नाही, तो मुलाच्या ताटाचा आहे. तातडीने उपचार न झाल्यास बुबुळ कायमचे निकामी होऊ शकते. गोवरानंतर हा धोका वाढतो. नवव्या महिन्यात एक लाख व पुढे दर सहा महिन्यांनी दोन लाख एकक, अशा पाच वर्षांच्या वयापर्यंत एकूण नऊ मात्रा देण्याची योजना आहे. त्या मुलाला मिळाल्या की नाही, हे नोंदीवरून तपासावे. जोडीला शेवग्याचा पाला, पपई, आंबा, अंडे आणि थोडे तेल जेवणात असावे.

प्रौढांसाठी एक इशारा. ६/६ म्हणजे डोळा निरोगीच, असे नव्हे. काचबिंदूत मधली नजर अखेरपर्यंत चांगली राहू शकते. मधुमेहातही नजर कमी होण्यापूर्वीच पडद्यावर परिणाम झालेला असू शकतो. म्हणून डोळ्यातील दाब व पडदा यांच्या नोंदीही वाचाव्यात.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. गरजू शालेय मुलांस मोफत चष्मे देण्याची तरतूद त्यात आहे. पण दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामास जातात आणि चिठ्ठीही त्यांच्याबरोबर निघून जाते. शिक्षकांनी प्रत्येक चिठ्ठीची नोंद शाळेच्या वहीत करावी. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत एवढेच विचारावे : किती मुलांना पुढे पाठविण्यास सांगितले होते, त्यांपैकी किती रुग्णालयात पोहोचली आणि किती मुलांच्या डोळ्यांवर चष्मा आला? या तीन आकड्यांतील अंतर मिटले, तरच तपासणी पुरी झाली असे म्हणता येईल.