एकाच माणसाचे दोन सन्मान

सावद्याहून बोलतोय. मागे केळीच्या ट्रकचा आवाज येईल, तेवढं सांभाळून घ्या.

आपल्या जिल्ह्यात वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. तिथे बंदुकीच्या गोळ्या बनतात आणि त्या पगारावर आपल्या भागातली कितीतरी घरं उभी राहिली. म्हणून इथे कुणी "शस्त्रं कमी व्हावीत" असं म्हटलं, की लगेच प्रश्न येतो, "म्हणजे तू जवानांच्या विरोधात का?"

आज अशा माणसाबद्दल बोलू, ज्याला हा प्रश्न विचारणं अवघड आहे. ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास. जन्म १९३३ चा, मुंबईतला. १९७१ च्या युद्धात पूर्व पाकिस्तानची समुद्रातून नाकेबंदी झाली, तेव्हा 'आयएनएस बियास' ही युद्धनौका त्यांच्या हाताखाली होती. त्यासाठी त्यांना वीरचक्र मिळालं. पुढे १९९० ते १९९३ ते नौदलप्रमुख होते.

निवृत्तीनंतर ते अलिबागजवळ भाईमळा गावात राहिले, शेती केली. आणि भारत-पाकिस्तानच्या सामान्य लोकांना एकत्र आणणाऱ्या कामात उतरले. मे १९९८ मध्ये आधी आपण आणि मग पाकिस्तानने अणुचाचण्या केल्या. आपल्याकडे पेढे वाटले गेले. रामदास मात्र अण्वस्त्रांच्या विरोधात उघडपणे बोलत राहिले. २००४ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांच्यासोबत. मार्च २०२४ मध्ये ते गेले.

आता सांगा, यातला कोणता सन्मान तुम्हाला माहीत होता? खरं सांगतो, मला एकही नव्हता.

तुम्ही म्हणाल, बोलून काय होतं? होतं की! १९८८ मध्ये भारत-पाकिस्तानने करार केला, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिल झालं, पुलवामा झालं, तरी ही यादी चुकली नाही. आपण 'हॅपी न्यू इयर' टाकत असतो, त्याच दिवशी कुणीतरी हे काम करत असतं. त्यांचे फोटो कुठल्याच फ्लेक्सवर नसतात.

२०२४ चं शांततेचं नोबेल जपानच्या निहॉन हिदांक्यो संघटनेला मिळालं. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांची ही संघटना. त्यांनी १९५६ पासून आपली गोष्ट सांगितली, तेव्हा कुठे २०२४ उजाडलं.

जवानाचा सत्कार व्हायलाच हवा, त्यात वाद नाही. पण जवानावर गोळी चालवायची वेळ येऊ नये म्हणून झटणाराही त्याच स्टेजवर बसला पाहिजे. रामदास दोन्ही होते. येत्या २६ जानेवारीला शाळेत भाषण करायचं असेल, तर त्यांच्यावर करा.

आवडलं तर ग्रुपवर टाका. पटलं नाही तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. येतो मंडळी!