रोवलेला दात व त्याच्याभोवतीचे हाड

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कवळीला कंटाळून आपल्यापैकी काही जणी आता जबड्यात दात रोवून घेतात. कुणी गावातच, कुणी अकोल्यास जाऊन. त्यापायी एखादीची पाटलीही मोडते. म्हणून हा विषय.

स्वीडनमधील ब्रोनेमार्क ह्या संशोधकांना १९५२ साली सशाच्या हाडात बसविलेले टायटॅनियम धातूचे उपकरण काढता येईना. हाड त्याला घट्ट धरून बसले होते. १९६५ साली त्यांनी माणसाच्या जबड्यात तसे स्क्रू रोवून त्यांवर दात बसविले.

पण धरलेले हाड सुटतेही. हिरडीच्या काठाशी कीट साचले की आधी हिरडी सुजते. एवढ्यावर नीट सफाई झाली तर दुखणे परतते. दुर्लक्ष झाले तर सूज खाली उतरते आणि हाड झिजू लागते. गेलेले हाड पुरते भरून येईल ह्याचा भरवसा नाही. आणि हे सारे बहुधा न दुखता! आपला मूळचा दात हाड झिजताना हलू लागतो. रोवलेला हलत नाही. पुरात मेढीभोवतीची वरची माती वाहून गेली तरी तळाशी पुरलेली मेढ उभीच असते, तसे ते आहे. तो हलला, तेव्हा बहुतेक सारे संपलेले असते.

पायोरियाने दात गेलेल्या, मधुमेह आटोक्यात नसलेल्या, तंबाखू वापरणाऱ्या, ह्यांना धोका अधिक. मिसरीचा विषय निघाला की सभेत माना खाली जातात, हे मला दिसते आहे. पण मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि तिने हिरडी बिघडते.

खामगावच्या चांदीची पावती आपण जपून ठेवतो. तसाच वरचा दात बसविल्या दिवशीचा क्ष-किरण फोटो मागून घ्या व सातबाऱ्याशेजारी ठेवा. पहिल्या वर्षी हाड किंचित, एखादा मिलिमीटर, बसते. त्याची धास्ती नको. पुढे ते उतरतच राहिले का, हे पहिला फोटो शेजारी धरल्यावाचून डॉक्टरांनाही सांगता येत नाही. वर्षातून एकदा तरी तपासून घ्या. मऊ ब्रश व दातांच्या फटीतला बारीक ब्रश रोज फिरवा. रक्त वा पू दिसला तर पुढच्या खेपेची वाट पाहू नका. एवढे जाणे-येणे ज्यांना जमणार नाही, त्यांनी चांगली कवळीच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांच्याजवळ असा फोटो असेल, मोबाइलमध्ये असला तरी चालेल, त्यांनी चहानंतर आणावा. हाडाची कड कुठे पाहायची ते दाखविते.