उभं राहिलं की अंधारी येते

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या आरोग्य-शिबिरातील भाषण)

वस्तीत काम करताना एक तक्रार मी सतत ऐकते : ‘ताई, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.’ यावर घरचे काय म्हणतात? ‘नाटकं करते’, ‘कामाचा कंटाळा’, नाहीतर ‘बाहेरचं काहीतरी असेल’. बाईचं शरीर काय सांगतंय, हे कुणी तपासत नाही. आज आपण ते तपासू या.

आपण उभ्या राहतो तेव्हा सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, दाब घसरू लागतो. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना हे लगेच कळतं. मग ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात, दाब सावरतो. पोटऱ्यांचे स्नायूही रक्त वर ढकलतात. ही सावरासावर अपुरी पडली की चक्कर येते.

ती अपुरी का पडते? अंगात पाणी कमी असणं, बाळंतपणातला किंवा पाळीतला जास्त रक्तस्राव, उन्हातलं काम, मधुमेह, वाढतं वय, ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या. त्यात रक्तपांढरीची भर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना ती आहे.

म्हणून चक्कर येणाऱ्या बाईचं बी.पी. एकदाच बसवून मोजू नका. तिला पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा. मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टरांकडे न्या. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका. एरवी बसवून मोजताना पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि हात हृदयाच्या पातळीत टेकवलेला हवा. हात खाली लोंबता राहिला तर आकडा जास्त येतो, आणि नसलेलं ब्लडप्रेशर बाईच्या नावावर लागतं.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो आणि दाब उतरू शकतो. अशा वेळी डाव्या कुशीवर वळवा.

उठताना आधी कुशीवर व्हा, थोडं बसा, मग उभ्या राहा. चक्कर आली तर लगेच आडव्या व्हा, पाय उंच ठेवा. शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा रक्तस्राव होत असेल तर थेट दवाखाना गाठा.

पण एवढ्यावर थांबून चालणार नाही. कापडदुकानातली मुलगी दहा-दहा तास उभी असते. संडासाची सोय नाही, म्हणून ती पाणीच पीत नाही. मग तिला चक्कर आली तर दोष तिच्या शरीराचा कसा? १९४८ च्या कारखाना कायद्याने उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय सांगितली, पण दुकानातली बाई त्यात आलीच नाही. केरळात दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी त्यासाठी लढा दिला आणि २०१८ मध्ये तिथे बसण्याचा हक्क कायद्यात आला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तो दिला.

तेव्हा मैत्रिणींनो, आपल्या मागण्यांच्या यादीत पगाराच्या खालीच तीन गोष्टी लिहा : बसायला स्टूल, प्यायला पाणी आणि स्वच्छ संडास.