टाचण
(उमापूर, ता. गेवराई इथं तरुणांसमोर केलेलं भाषण)



मी गोदीत ओझं वाहतो आणि कविता लिहितो. मॅट्रिकच्या पुढं गेलेलो नाही. बोलणार आहे टाचणाबद्दल. भाषणाला उभं राहताना चार पुठ्ठ्यांवर काय लिहून न्यायचं, एवढंच.

आपल्यात एक खूळ आहे. हातात कागद दिसला की म्हणतात, याला बोलता येत नाय. मग माईक धरायचा, शिरा ताणायच्या, टाळ्या घ्यायच्या. खाली उतरल्यावर कळतं, मागणी सांगायचीच राहिली. पुढच्या खुर्चीतला साहेब खूष. त्याला शिव्या चालतात, तारीख चालत नाही.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. त्यांनी अख्खं भाषण आधी लिहून काढलं. मंडळवाले वाचून हादरले, हे गाळा ते गाळा म्हणू लागले. बाबासाहेब स्वल्पविरामही बदलायला तयार नव्हते. परिषद बारगळली, भाषण मात्र कागदावर होतं. पदरच्या पैशानं १५०० प्रती छापल्या, दोन महिन्यांत संपल्या. नुसतं तोंडी असतं तर लाहोरातच गाडलं असतं त्यांनी.

कुणी म्हणेल, १७ डिसेंबर १९४६ ला घटना समितीत ते बिनतयारीचे बोलले. खरंय. वीस-बावीस नावं आधी असताना राजेंद्रप्रसादांनी त्यांना अचानक उठवलं. पण त्या बोलण्यामागं १९१९ च्या साउथबरो समितीपुढच्या साक्षीपासूनची सत्तावीस वर्षं होती. तुमच्या गाठीला तेवढं असेल तर टाचण खुशाल फाडा.

आता आपलं गायरान घ्या. पहिल्या पुठ्ठ्यावर फक्त मागणी, गट नंबरासकट. ती सुरुवातीला बोला, शेवटी परत बोला. दुसऱ्यावर २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय, भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं. ही तारीख कोण विसरेल? तरी लिहा. समोर पोलीस उभा राहिला की माणूस घरचा पत्ता विसरतो. तिसऱ्यावर पुरावा : गाव नमुना एक-ई मधली नोंद, दंडाची पावती, अर्जाचा आवक नंबर.

चौथ्यावर एक माणूस. ज्या म्हातारीनं ते रान दगड वेचून पिकतं केलं, ती. तिचं नाव घ्यायचं का, हे आधी तिलाच विचारा. तुम्ही भाषण ठोकून एसटीत बसाल, तिला रात्री त्याच गावात झोपायचंय.

अक्षर मोठं काढा. कोपऱ्यात नंबर टाका, भोक पाडून सुतळी ओवा, नाहीतर वारा भाषण घेऊन जातो. मोबाईलवर लिहू नका, ऐन टायमाला मेव्हण्याचा फोन येतो.

दसरा झाला की इथली माणसं कोयते घेऊन कारखान्यांकडं निघतील. उचल घेतलेला माणूस सभेला थांबत नसतो. म्हणून त्याच्या आत. एक-ईची नक्कल मागायला तलाठ्याकडं माझ्यासोबत कोण येतंय, ते चहाच्या आधी सांगा.