शाळेची हवा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली. शाळेवर मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "सातवीतच का सोडलीत, तेच सांगा." म्हणून उभी राहिले आहे. चुकलेमाकले तर सांभाळून घ्यावे.

माझे माहेर दुसऱ्या गावचे. त्या शाळेचे व गुरुजींचे नाव मी घेणार नाही, सूड उगवायला मी उभी नाही. सहावीपर्यंत माझा नंबर पहिल्या दहांत असे. सातवीत व्याजाची गणिते आली. एकदा मला फळ्यापाशी बोलावले आणि माझे अडले. गुरुजी वर्गाला म्हणाले, "हिला कशाला हवे गणित? हिला भाकरी थापायच्यात." वर्ग हसला. गुरुजी ते त्याच दिवशी विसरले असतील. परंतु तेव्हापासून गणिताचा तास आला की माझे पोट दुखे. खोटे नव्हे, खरोखरच दुखे. शंका विचारणे मी सोडून दिले. कशीबशी काठावर पास झाले आणि "आता शाळा पुरे" असे घरी मीच म्हटले. घरच्यांनाही ते बरेच वाटले.

पुढे लग्न होऊन केमला आले. आपले गाव कुंकवाचे. मीही घरी पुड्या भरू लागले. दहा ग्रॅमच्या पुड्यांच्या एका ग्रोसला १ किलो ४४० ग्रॅम कुंकू लागते, सांडलवंड धरून किती घ्यावे, मजुरी किती होईल, हे मी बोटे न मोडता सांगते. माझा तोंडी हिशेब आणि मालकांची वही यांत एकदाच फरक पडला, आणि तेव्हा चूक वहीत निघाली. मग मला गणित येत नव्हते, हे खरे का? डोके तर तेच होते. मन धास्तीने भरले म्हणजे आकडे धरून ठेवायला त्यात जागा उरत नाही, एवढेच.

शाळेची हवा म्हणते ती ही. आपण शाळा पाहायला जातो ती रंग पाहतो, फरशी पाहतो. मूल मात्र निराळेच पाहत असते.

माझ्या थोरल्या मुलीचे सांगते. (याही शाळेचे नाव नको.) सहावीत असताना रोज दुपारी तिचे डोके दुखे. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पडते. खोदून खोदून विचारले तेव्हा कळले की, शाळेच्या संडासाला आतून कडी नव्हती, म्हणून पोर सकाळपासून पाण्याचा घोट घेत नव्हती. विज्ञानाचा तास दुपारनंतरचा. तिला त्यात गुण कमी पडत, ते बुद्धीमुळे की कडीमुळे? आम्ही आठदहा बायका जाऊन बोललो, मग कडी बसली. मुलगी काही पहिली आली नाही हो, पण डोके दुखायचे थांबले आणि वही पुरी होऊ लागली.

आता आपलेही थोडे पाहू. मूल ऐकेनासे झाले की, "थांब, गुरुजींना नाव सांगते," असे आपण म्हणतो की नाही? मी म्हणत असे. गुरुजींचा बागुलबुवा आपणच करायचा आणि मूल वर्गात बोलत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा!

आपल्या शेजारच्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे नाव ३ डिसेंबर २०२० रोजी जगभर झाले. तेथील रणजितसिंह डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. रक्कम दहा लाख डॉलर, म्हणजे सात कोटींच्या वर. तीतील अर्धी त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. ते २००९ साली तेथे गेले तेव्हा शाळेची इमारत गोठा आणि कोठार यांच्यामध्ये, मोडकळीस आलेली होती, असे वर्तमानपत्रांत छापून आले होते. पुस्तकांवर क्यूआर कोडचे चौकोन छापून त्यांनी मुलांना कविता ऐकविल्या, गोष्टी दाखविल्या. सर्वांनी त्या चौकोनाचे कौतुक केले. मला निराळेच वाटते. यंत्रातली कविता मूल दहादा ऐकू शकते आणि "इतक्यांदा सांगितले तरी कळत नाही?" असे यंत्र म्हणत नाही.

यंत्रावाचूनही हे होते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिकवीत. तेथील छात्रालयाचे काम अंगावर आले तेव्हा मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत. ज्याने आपली खोली झाडली, त्याला शंका विचारायला कोणते मूल भिईल?

शिक्षणहक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमाने मुलांना मारायला बंदी आहेच, पण मनाला त्रास देण्यासही आहे. म्हणजे माझे ते भाकरीचे बोलणेही आज त्यात बसते. त्याच कायद्याप्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत निदान तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. मीही पूर्वी दोन वर्षे सभासद होते. सभेला एकदाही गेले नाही. वही घरी येई आणि मी पिठाचा हात पुसून सही करी. सभेत काय ठरले हे कधी विचारलेही नाही. ही चूक माझीच.

यंदा धाकट्याच्या शाळेच्या समितीत माझे नाव पुन्हा आहे. शनिवारी सभा आहे. मी दोन गोष्टी मांडणार आहे. एक मुलींच्या संडासाची. दुसरी, ऊसतोडीहून परतलेल्या घरची मुले मागल्या बाकावर बसतात आणि तेथेच राहतात, त्यांची. तोंडी बोलणे विसरले जाते, म्हणून लिहून न्यायचे आहे. माझे अक्षर चांगले नाही. ज्यांचे चांगले असेल त्यांनी उद्या दुपारी माझ्याकडे यावे. कागद मी आणून ठेवला आहे, चहाही होईल.