गाडीच्या पोटाखालचा वारा



कवीला वाऱ्यावर बोलायला सांगितले तर तो काय बोलेल, याचा अंदाज तुम्हाला असेलच. पहाटेची झुळूक, पिंपळाची सळसळ, फार तर वळवाच्या आधीचा सोसाटा. मीही आजवर तेवढेच लिहीत आलो. पण आज ज्या वाऱ्याबद्दल बोलणार आहे तो मोटारीच्या पोटाखालून जातो. मी बी.ए.ला मराठी घेतलेला माणूस. विज्ञानाशी माझी सोबत दहावीपर्यंतची. त्यामुळे जे सांगणार आहे ते एका मिस्त्रीकडून शिकलेले आणि नंतर चार पुस्तके चाळून पडताळून घेतलेले आहे.

ईदची दुपार होती. शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन माझा भाचा शेजारी येऊन बसला. तो पुण्याला नोकरी करतो आणि दर आठवड्याला कोल्हापूरला येतो. त्याने जुनी, पाच दारांची छोटी गाडी घेतली होती, आणि पगारातला बराचसा पैसा तिला नटवण्यात घातला होता. मागच्या दारावर मोठा पंख, रुंद टायर, डिकीत गाण्यांसाठी भलामोठा वूफरचा खोका, आणि गाडी ऐटदार दिसावी म्हणून मागच्या स्प्रिंगा कापून बसकी केलेली. मी गाडीचे कौतुक केले. तो मात्र खालच्या आवाजात म्हणाला, "मामू, शंभरच्या पुढे गेलं की स्टेअरिंग हलकं पडतं. गाडी रस्त्यावर आहे असं वाटतच नाही. परवा साताऱ्याच्या अलीकडे पावसात ट्रकला ओलांडताना गाडी आपोआप बाजूला सरकली. अम्मीला सांगू नका."

तरुण मुलगा असे काही सांगतो तेव्हा उपदेश करायचा मोह होतो. मी तो आवरला. उपदेश केला असता तर पुढच्या वेळी त्याने मलाही सांगितले नसते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो.

मी गाडीभोवती फिरून तो पंख न्याहाळत होतो. मिस्त्री म्हणाले, "चाचा, वर काय बघताय? खाली वाका की." त्यांनी गाडी लिफ्टवर चढवली. आयुष्यात प्रथमच मी मोटारीचे पोट पाहिले. वरून जी गाडी आरशासारखी गुळगुळीत, ती खालून म्हणजे अडगळीची खोली. सायलेन्सरचा पाइप, पेट्रोलची टाकी, स्टेपनीचा खड्डा, चाकांचे दांडे, जागोजागी कोनाडे आणि खाचा. मागचा बंपर आतून पोकळ, पालथ्या परातीसारखा. पुढून आलेला वारा या सगळ्यावर आपटत, गिरक्या घेत, शेवटी त्या पोकळ बंपरमध्ये अडकतो. मिस्त्री चिखलाच्या रेघांवर बोट ठेवून सांगत होते, इथे वारा सरळ गेला, इथे घुटमळला, इथे मागे फिरला. मी ओळी वाचतो तसे ते चिखल वाचत होते.

आता थोडा हिशेब. आपल्याकडच्या साधारण छोट्या गाडीला ताशी ४० किलोमीटर वेगाला हवेचा अडथळा सुमारे ५ किलो वजनाइतका असतो. टायर रस्त्यावर घरंगळताना होणारा अडथळा साधारण १२ किलोचा, आणि तो वेगाने फारसा बदलत नाही. म्हणजे गावात वाऱ्याची फिकीर करायचे कारण नाही. पण वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. ८० ला तो २० किलो, १०० ला ३० किलोच्या आसपास, आणि १२० ला ४५ किलोच्या घरात जातो. त्या अडथळ्यातून गाडी पुढे रेटायला लागणारी ताकद तर वेग दुप्पट होताच आठपट होते. या अडथळ्यातला सुमारे पाव हिस्सा नुसता चाकांचा आणि चाकांवरच्या कमानींचा, आणि त्यात पोटाखालच्या अडगळीची आणखी भर. आपण धुतो, पुसतो, चमकवतो ती वरची बाजू; पण इंधनाचा बराचसा पैसा न दिसणारी बाजू खाते.

हा झाला अडथळा. भाच्याचा प्रश्न मात्र दुसरा होता. गाडी हलकी का पडते?

मिस्त्रींनी मला विचारले, "स्कूटर चालवलीय न्हवं? मग कार्ब्युरेटर ठाऊक असंल." कार्ब्युरेटरमध्ये हवेची वाट मध्येच अरुंद केलेली असते. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो आणि तिचा दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे पेट्रोल आपोआप वर ओढले जाते. डॅनियल बर्नुली या शास्त्रज्ञाने वेग आणि दाबाचे हे नाते १७३८ साली ग्रंथात मांडले. अरुंद वाटेचा प्रयोग इटलीच्या व्हेंच्युरीने त्याच शतकाच्या अखेरीस केला. गाडीच्या टपाचा आकार वर फुगीर असतो. त्यावरून हवा वेगाने जाते, वरचा दाब कमी होतो आणि गाडी किंचित वर उचलली जाते. खाली जर हवा कोंडली, तर तीही वरच ढकलते. विमान उडते त्याच कारणाने मोटार हलकी पडते. एवढेच की मोटारीने उडणे कुणालाच नको असते.

मग मिस्त्रींनी टेप काढून जमिनीपासूनची उंची मोजली. गाडीचे नाक मागच्या भागापेक्षा चांगले दोन बोटे वर होते. मागच्या स्प्रिंगा कापलेल्या आणि डिकीत वूफरचा खोका. शेपूट खाली बसली आणि नाक वर झाले. "नाक वर करून पळाली की वारा पोटात शिरणारच," मिस्त्री म्हणाले. त्यात इंजिनाखालचे प्लास्टिकचे कव्हरही गायब होते. कुठल्याशा उंच गतिरोधकावर ते फाटले आणि पुढच्या सर्व्हिसिंगला कुणीतरी काढून टाकले. ते फक्त चिखल अडवायला असते असा आपल्याकडे समज आहे. खरे तर पुढून आलेल्या वाऱ्याला सरळ वाट दाखवण्याचे कामही तेच करते.

आणि तो मोठा पंख? छोट्या गाडीचे मागचे दार जवळजवळ उभे असते. टपावरून आलेला वारा टपाच्या कडेलाच गाडीची साथ सोडतो. त्याच्या खाली, दारावर बसवलेल्या पंखाला मिळते ती उरलीसुरली, घुसळलेली हवा. गाडी खाली दाबायला तिचा उपयोग नाही. भाचा काही बोलला नाही. पंखाला त्याने किती हजार मोजले होते, हे मी विचारले नाही.

पोटाखालच्या वाऱ्याने गाडी खरोखर रस्त्याला चिकटवता येते का? येते. शर्यतीच्या जगात ते घडले आहे. १९७० साली अमेरिकेत जिम हॉल यांनी गाडीला मागे दोन पंखे लावून पोटाखालची हवा उपसून काढली. ती चॅपरल गाडी इतकी वेगाने वळणे घेऊ लागली की पुढे तशा गाडीवर बंदीच आली. नंतर इंग्लंडच्या लोटस कंपनीने पंख्यांशिवाय तेच साधले. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या वातबोगद्यात प्रतिकृतीची चाचणी चालू होती. तिच्या कडा जमिनीकडे झुकल्या की ती खाली जास्त दाबली जाते, असे अभियंत्यांना दिसले. त्यांनी फटी पुठ्ठ्याने बंद करून पाहिल्या. त्यातून गाडीचे पोट उलट्या पंखासारखे करण्याची कल्पना पक्की झाली. १९७७ मध्ये लोटस ७८ आली, आणि १९७८ मध्ये मारिओ आन्द्रेती लोटसवर जगज्जेता झाला. पण या विद्येचा धोकाही लवकरच कळला. कडेची झालर फाटली किंवा उचलली गेली की चिकटून धावणारी गाडी क्षणात सुटते. म्हणून १९८१ मध्ये सरकत्या झालरींवर बंदी आली आणि १९८३ पासून सपाट पोटाची सक्ती झाली. २०२२ मध्ये फॉर्म्युला वनने पोटाखालचे बोगदे पुन्हा आणले, तेव्हा गाड्या भर वेगात सरळ रस्त्यावर घोड्यासारख्या उसळू लागल्या.

ही विद्या जमिनीपासून काही बोटांच्या अंतरावर चालते. आपल्या रस्त्यांवर ती चालणार नाही. आपल्याकडे गतिरोधकाचा नियमातला उंचवटाच १० सेंटिमीटरचा, तोही पावणेचार मीटर रुंदीवर हळूहळू चढत जाणारा. गल्लोगल्ली लोकांनी स्वतः घातलेल्या गतिरोधकांना तर कसलेच माप नसते. तेव्हा गाडी रस्त्याला चिकटवायचे स्वप्न सोडून द्यावे, आणि वारा तंटा न करता पोटाखालून निघून जाईल एवढे पाहावे, असे मिस्त्रींचे म्हणणे पडले. जपानी होंडाने १९९९ मध्ये इनसाइट नावाची छोटी गाडी काढली. तिच्या पोटाखाली सपाट आवरणे होती, मागची चाके झाकलेली होती. हवेला अडथळा करण्याचा तिचा अंक ०.२५ होता. साध्या छोट्या गाडीचा तो ०.३० च्या वरच असतो.

आम्ही काय केले ते सांगतो. कंपनीच्या मापाच्या स्प्रिंगा पुन्हा बसवल्या. वूफरचा खोका उतरवला. नाक मुळच्या जागी आले. इंजिनाखालचे नवे कव्हर आणून लावले. पंख काढला. मग भाच्याच्या हौसेखातर, प्रयोग म्हणून, पोटाखाली मधल्या भागात ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे बसवले. निवडणुकीच्या फलकांचे प्लास्टिक स्वस्त मिळते, पण सायलेन्सरजवळ ते वितळेल, पेटेलही, म्हणून मिस्त्रींनी नकार दिला. सायलेन्सरची वाट त्यांनी मोकळी ठेवली. रेडिएटरमधून आलेली गरम हवा खालून बाहेर पडते, ती कोंडली तर इंजिन तापते, म्हणून तीही वाट राखली. ऑइल काढायच्या बोल्टखाली भोक ठेवले. पत्रे बसवले कौलांसारखे एकावर एक. पुढच्या पत्र्याची कड खाली आणि मागच्याची तिच्या वर दडवलेली, म्हणजे वाऱ्याला उचकटायला कड सापडत नाही. भर रस्त्यात सुटलेला पत्रा मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या अंगावर जाईल, हे त्यांनी भाच्याला तीनदा बजावले.

फरक किती पडला? एका पहाटे सपाट, मोकळ्या रस्त्यावर आम्ही मोजून पाहिले. ८० चा वेग घ्यायचा, गाडी न्यूट्रल करायची आणि ६० वर यायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहायचे. वाऱ्याचा आणि उताराचा फसवा हिशेब कटावा म्हणून दोन्ही दिशांनी, अनेकदा. पत्र्यांआधी वीस-एकवीस सेकंद लागत. पत्र्यांनंतर जेमतेम पाऊण सेकंद जास्त. भाच्याचा चेहरा उतरला. मिस्त्री हसून म्हणाले, "एवढंच असतंय. जास्त सांगणारा खोटं बोलतोय." मग त्यांनी जे सांगितले ते मी वहीत लिहून ठेवले आहे. १०० ऐवजी ८० ने गाडी चालवली तर हवेचा अडथळा ३६ टक्क्यांनी कमी होतो. कुठल्याही पत्र्याने, कुठल्याही पंखाने एवढा फरक पडत नाही, आणि याला खर्च काही नाही. उजव्या पायाचा अंगठा थोडा वर घ्यायचा, बस्स.

हलकेपणा मात्र गेला. तो पत्र्यांनी गेला नाही. नाक जागेवर आल्याने आणि फाटलेले कव्हर परत लागल्याने गेला. गाडी बनवणाऱ्याने जे जिथे ठेवले होते ते तिथे नव्हते, एवढाच तो रोग होता. ज्यांच्या मुलांना गाड्या नटवायची हौस आहे, त्यांना एक सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. गाडीला काही जोडण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्यावे. आम्ही मोजणी संपल्यावर ते पत्रे उतरवून ठेवले. पाऊण सेकंदासाठी तेवढी जोखीम नको, असे भाचाच म्हणाला. आणि तुमच्या गाडीचे इंजिनाखालचे कव्हर जागेवर आहे का, हे आज संध्याकाळी जरा वाकून पाहा. अनेक गाड्यांचे नसते.

मी अजून झुळुकीवरच लिहितो. पण महामार्गावर बसमध्ये बसलो की शेजारून जाणाऱ्या गाड्यांच्या खाली नजर जाते. कुणाची मुलगी, कुणाचा भाचा त्या न दिसणाऱ्या वाऱ्यावर धावत असतो, असे मनात येते.

भाचा आता सकाळी अर्धा तास आधी निघतो. पोहोचला की मला फोन करतो. "अम्मीला सांगू नका" हे त्याने परवा मागे घेतले. म्हणून तर आज हे बोललो. आपा रोज या वेळी रेडिओ लावून स्वयंपाक करते. आपा, ऐकते आहेस ना? आता त्याला रागावू नकोस. गाडी ठीक आहे, आणि मुलगाही.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)