शितावरून भाताची परीक्षा

भात शिजला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं गृहिणी सारें पातेलें चिवडीत बसत नाहीं. इथून तिथून चार शितें उचलून ती निर्णय देते. सूक्ष्मदर्शकाच्या क्षेत्रांत हीच युक्ति गणिताच्या आधारें कशी चालते, तें आज पाहूं.

साध्या सूक्ष्मदर्शकांत संबंध दृश्य एकदम दिसतें. क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची तऱ्हा निराळी. त्यांत इलेक्ट्रॉनांचा अतिसूक्ष्म झोत एकेका बिंदूवर थांबत जातो, तेथील संकेताची नोंद होते, आणि ओळीमागून ओळ असें चित्र भरत जातें. ओळींत १०२४ बिंदु व अशा १०२४ ओळी धरल्या, तर दहा लाखांहून अधिक नोंदी होतात. प्रत्येक बिंदूस सेकंदाचा एक लक्षांश दिला, तरी सुमारें साडेदहा सेकंद लागतात. एका चित्रास हा वेळ क्षुल्लक; परंतु हजारों चित्रें घ्यावयाचीं असल्यास दिवस मोडतात. शिवाय हा झोत निरुपद्रवी नव्हे. प्रथिनासारख्या नाजूक पदार्थाची घडण तो मोडून टाकतो. म्हणजे पाहण्याच्या क्रियेनेंच पाहावयाची वस्तु नष्ट व्हावयाची!

मग थोडेच बिंदु मोजले तर? २००६ सालीं एमान्युएल कांदेस, जस्टिन रोंबर्ग व टेरेन्स ताओ यांच्या, तसेंच डेव्हिड डोनोहो यांच्या निबंधांनीं दाखविलें कीं, ज्या चित्राचें वर्णन मोजक्या मूलघटकांत होऊं शकतें, तें योग्य रीतीनें घेतलेल्या अल्प मोजमापांवरूनहि पुन्हा उभें करतां येतें. घेतलेल्या नोंदींशीं जुळणारीं चित्रें असंख्य असतात. त्यांतून सर्वांत सुटसुटीत असेल तें संगणक निवडतो. बिंदु मात्र विखुरलेले हवेत. ते ठराविक अंतरानें घेतले आणि वस्तूंतहि तशीच नियमित जाळी असली, तर दोहोंचा ताल जुळून भलतेंच दृश्य भासतें.

अमेरिकेंतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं या मार्गाचा प्रयोग २०१३ सालीं प्रसिद्ध केला. व्यवहारांत एक अडचण येते. झोत एका बिंदूवरून दूरच्या बिंदूवर नेला कीं तो स्थिर होण्यास क्षणभर लागतो. म्हणून बिंदु दशांश केले, तरी वेळ दशांश होतोच असें नाहीं.

याहून महत्त्वाचा प्रश्न विश्वासाचा आहे. चार शितांवरून भात शिजल्याचें कळतें, कारण शितें सारखीं असतात. पण भातांत एखादा खडा असला तर तो कळत नाहीं. धातूंतील सूक्ष्म भेग किंवा पेशींतील एखादा विरळा कण न मोजलेल्या जागीं असला, तर गणित तेथें नितळ पृष्ठभाग भरून मोकळें होईल, आणि चित्र तर अगदीं पूर्ण दिसेल.

यास्तव अशा चित्राबरोबर मूळ मोजलेले बिंदु जपून ठेवावे, व शंकास्पद जागा पुन्हा संपूर्ण तपासावी. मोजलेलें किती आणि अनुमानिलेलें किती, हें सांगितल्यावांचून असें चित्र पुरावा म्हणून पुढें करूं नये.